एकशे अठराव्या फासळीचा सांधा

'जलदुर्गा'च्या ढालभिंतीला पहिलं भोक पडलं ते शत्रूच्या टॉर्पेडोनं नव्हे, प्रथमोपचाराची पेटी टांगण्यापायी.

दारूगोळा कोठाराची अधिकारी लेफ्टनंट केतकी परब हिनं भिंतीत पेरभर खोल छिद्र पाडायला सांगितलं होतं. कोठार अजून रिकामंच होतं, दारूगोळा भरायला वीस दिवस होते, म्हणून ड्रिल चालवायची मुभा होती. भिंत पन्नास मिलिमीटर जाड, त्यामुळे काळजीचं कारण नव्हतं. पण खलाशानं जेमतेम जोर लावला आणि ड्रिल आरपार जाऊन पलीकडच्या जेवणघरात निघालं. तिथं पोहे खात बसलेल्या आचाऱ्याच्या कानाशी ते गरगरलं. आचारी म्हणे अजून डाव्या कानानं ऐकत नाही. अर्थात, तो आधीही ऐकत नव्हता असं त्याची बायको सांगते.

तासाभरात भिंत मोजून झाली. कागदावर पन्नास मिलिमीटर, प्रत्यक्षात चौदा.

'जलदुर्गा' म्हणजे काही होडकं नव्हे. दोनशे ऐंशी मीटर लांब, अठ्ठेचाळीस हजार टन वजन, पोटात बत्तीस विमानं आणि सोळाशे माणसं. नाकाकडची धावपट्टी अशी वर वळलेली, की विमान तिच्यावरून गोफणीतल्या दगडासारखं सुटावं. शेपटीकडे तीन अटकतारा. ताशी दोनशे चाळीस किलोमीटरनं येणारं विमान आपल्या आकड्यानं त्यांतली एक पकडतं आणि नव्वद मीटरांत गपगार उभं राहतं. आराखडा आपला, पोलाद आपलं, हात आपल्या कोकणातले. जहाज पाण्यात लोटलं तेव्हा देवखोलच्या खाडीची भरती दोन बोटं वर चढली आणि काठच्या कुर्ल्या-खेकड्यांनी बिऱ्हाडं हलवली, असं तिथले म्हातारे शपथेवर सांगतात. त्यातला कुर्ल्यांचा भाग सोडून द्या.

जहाजाच्या पोटातल्या धातुशाळेत डॉ. मृदुला आठल्ये टेबलावर ड्रिलचा कीस पसरून बसल्या होत्या. हे पोलाद त्यांचंच अपत्य. समोर उभे होते सांधेतपासणी विभागाचे प्रमुख जनार्दन मयेकर. वय साठ, महिनाअखेरीला निवृत्ती. मयेकरांचा शिक्का म्हणजे देवाचा कौल, असं गोदीत म्हणत.

"मयेकरकाका, छत्तीस मिलिमीटर पोलाद गेलं कुठं?" आठल्येबाईंनी विचारलं.

"गंजलं म्हणावं तर गंज नाही. चोरलं म्हणावं तर कुणी चाटून नेलंय असं दिसतंय."

"चाटूनच नेलंय. हे सरकपोलाद आहे. ते आपला तडा आपणच भरतं, एवढंच गोदीत सांगितलं होतं. कसं भरतं हे आम्ही सांगितलं नाही, गुप्तता म्हणून. आता ऐका. पैलवानाचं मनगट पाहिलंय? रोज मातीत अंग कसतो, त्याचं हाड जाड होतं. सहा महिने अंथरुणावर पडलेल्याचं हाड पोकळ होतं. शरीर म्हणतं, वापरत नाहीस ना, मग दुसरीकडे देतो. या पोलादातही तसेच सूक्ष्म कण पेरलेत. आम्ही त्यांना अणुहमाल म्हणतो. जिथं ठोके बसतात तिथं ते धातू वाहून नेतात."

"आणि आणतात कुठून?"

"जवळपास जो भाग निवांत असेल तिथून. हवेतून थोडेच आणणार? जहाजाचं एकूण वजन किलोभरही हललेलं नाही."

मयेकर भिंतीच्या नकाशाकडे पाहत राहिले. ढालभिंतीचं काम आयुष्यात एकदाच. कोठारात स्फोट झाला, तर तो पलीकडच्या माणसांपर्यंत जाऊ द्यायचा नाही. तो दिवस येईपर्यंत ती निव्वळ उभी. जहाजावर तिच्याइतकं निवांत कुणीच नव्हतं.

"एक खोट राहिली आमची," बाई म्हणाल्या. "ठोका केवढा बसला हे अणुहमालांना कळत नाही. किती वेळा बसला एवढंच ते मोजतात. वीस टनांचं विमान आदळलं तरी एक, आणि चमचा आपटला तरी एकच. आम्हांला वाटलं, जहाजावर सगळीकडे सारखीच खडखड असणार, हिशेब जुळेल. पण साडेतीन टन धातू एका जागी गेलाय काका. कुठं, ते शोधायला तेवीसशे कप्पे उघडावे लागतील."

मयेकर गप्प राहिले असते तर सुटले असते, हेही इथं सांगायला हवं. तेवीसशे कप्पे उघडेपर्यंत त्यांची निवृत्ती झाली असती, सत्काराची शाल घरच्या कपाटात गेली असती.

"नकोत उघडायला," ते म्हणाले. "एकशे अठरावी फासळी. अटकतारांच्या खालचा पोकळ कप्पा. चला, दाखवतो."

जहाजाच्या बरगड्यांना गोदीत फासळ्या म्हणतात. तो कप्पा नुसता पोकळी म्हणून ठेवलेला, तिथं कुणाचंच काम नाही. आत दिवा नव्हता. बाई चाचपडत उतरल्या. मयेकर मात्र देवघरात जावं तसे सरळ उतरले. बॅटरीच्या उजेडात सांधा दिसला. अठरा मीटर लांब, वीतभर रुंद, आणि चार बोटं फुगलेला. जणू पोलादाच्या कातडीखाली अजगर निजला होता.

"अरे देवा," बाई म्हणाल्या.

"यात तडा आहे बाई. तोच मागत होता धातू. नऊ वर्षांपूर्वीचं माझं पाप."

आणि मग मयेकरांनी सांगितलं. असलं जाड पोलाद जोडलं की सांधा हळूहळू निववावा लागतो, आणि नंतर अठ्ठेचाळीस तास थांबून मगच तपासावा लागतो. कारण आतला तडा लगेच पडत नाही. दोन दिवसांनी, सगळं शांत झाल्यावर, गुपचूप पडतो. हा सांधा पुरा झाला तो गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. गोदीतला निम्मा माणूस मालवण-वेंगुर्ल्याकडचा. गाड्या फाटकाशी उभ्या, पोरं पिशव्या घेऊन तयार. जोडारींचा मुकादम सायबा परब येऊन म्हणाला, "काका, सगळी पोरां गणपतीक जातली. सांधो माका म्हायती असा, बरो असा. तुमी सही मारा." तपासणी झाल्याशिवाय टोळीला सोडायचं नाही असा नियम. मयेकरांच्याही घरी गणपती. त्यांनी दोन दिवस पुढची तारीख घातली, सही केली, शिक्का मारला आणि त्याच गाडीत बसून गेले.

"परत आल्यावर तपासायचा," बाई म्हणाल्या.

"ध्वनियंत्र लावलं की त्याची नोंद आपोआप होते. नोंद झाली की आधीची सही खोटी ठरते."

बाईंनी पिशवीतलं, ध्वनिलहरींनी पोलादाच्या आतलं दाखवणारं ध्वनियंत्र काढलं आणि सांध्यावर टेकवलं. मयेकरांनी डोळे मिटले. नऊ वर्षांत त्या सांध्याला यंत्र लागत होतं ते आज पहिल्यांदा. बाई एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"काका, इथं तडा नाही."

"भरला असेल."

"भरलेला तडा व्रणासारखा दिसतो. इथं व्रणही नाही. हा सांधा पहिल्या दिवसापासून निर्दोष आहे. इतका सुरेख सांधा मी दुसरा पाहिलेला नाही." त्या गोंधळून वर पाहू लागल्या. "मग ठोके कसले? आजवर विमानं उतरली असतील चारशे. चारशे ठोक्यांनी एवढं होत नाही. लाखो ठोके हवेत. इथं बसून कोण ठोकत होतं?"

मयेकरांनी खिशातून अर्ध्या वितीची हातोडी काढली. जुने तपासनीस सांध्यावर अशीच टकटक करून कान लावतात. चांगला सांधा घंटेसारखा वाजतो, तडकलेला मडक्यासारखा.

"हातोडी नोंद ठेवत नाही," ते हळूच म्हणाले. "रोज सकाळी कामावर चढायच्या आधी यायचो. या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभर ठोके. वाजायचा छान. पण माझा विश्वास बसेना. मग फुगायला लागला. मला वाटलं, आत तडा वाढतोय, म्हणूनच धातू मागतोय. मग मी दोनशे करायला लागलो."

बाई शिडीच्या पायरीवर बसल्या. त्यांना हसू येत होतं, आणि हसणं शक्य नव्हतं. अणुहमालांनी नऊ वर्षं इमानेइतबारे एका माणसाची टोचणी मोजली होती, आणि सोळाशे माणसांची ढाल सोलून तिला खाऊ घातली होती.

"काका, त्या खोट्या सहीनं जहाजाला काहीही झालेलं नाही. जे झालं ते तुमच्या हातोडीनं."

वरून बूट वाजले. केतकी परब शिडीवरून खाली आली. सायबाची मुलगी. सायबा जाऊन दोन वर्षं झाली होती.

"बाई, कोठाराचं काय करायचं? वर विचारतायत. अय्या, काका, तुम्ही इथं?"

सांगावंच लागलं. मयेकरांनी तिच्याकडे न बघता सगळं पुन्हा सांगितलं. गणपतीचं ऐकून केतकीचा चेहरा उजळला.

"त्या वर्षी बाबा चतुर्थीच्या आधी घरी आले होते! मूर्ती आणायला मी त्यांच्याबरोबर गेले होते. म्हणजे ते तुमच्या सहीमुळं होय?" मग तिनं फुगलेल्या सांध्यावरून हात फिरवला. "आणि हा बाबांनी जोडलेला. चांगला आहे ना?"

"उत्तम आहे," बाई म्हणाल्या.

केतकीचा हात थांबला. "मग नऊ वर्षं रोज इथं येऊन तुम्ही काय तपासत होता काका?"

"माझी सही, गो."

"सही खोटी होती. सांधा नव्हता. तुम्ही दोन्ही एकच धरून चाललात. बाबा आमच्या घरी तुमच्याबरोबर सोलकढी पीत बसायचे, आणि तुम्ही सकाळी इथं येऊन त्यांच्या कामाला मडकं म्हणत होता. त्यांना एकदा तरी विचारलंत?"

"नाही."

"ते आयुष्यात एकदाही सांध्याबद्दल खोटं बोलले नाहीत."

मयेकरांनी सांध्यावर तळवा टेकवला.

आठल्येबाईंनी वहीत आकडेमोड केली. "उपाय सरळ आहे. ढालभिंतीला तीन-चार लाख ठोके द्यायचे आणि या सांध्याला अजिबात हात लावायचा नाही. धातू आल्या वाटेनं परत जाईल."

"मी ठोकतो," मयेकर घाईनं म्हणाले. "निवृत्ती घेत नाही. भिंतीशी बसतो, एक एक ठोका मोजून देतो. एवढं प्रायश्चित्त तरी..."

"नको. यंत्र लावते, दोन आठवड्यांत होईल. तुम्ही हातानं ठोकाल, एखादी जागा जास्त लागेल, तिथं गाठ येईल आणि तिसरीकडे भोक पडेल. तुमचं प्रायश्चित्त या जहाजाला परवडत नाही काका. तुम्ही अहवाल लिहा. काय केलंत ते सगळं, खाली खरी तारीख. आणि घरी जा."

"शिक्का जाईल माझा."

"जाईल."

"आणि हा पुन्हा पातळ होईल तेव्हा? रोज वाजवून बघितलं नाही, तर कसं कळायचं की..."

"काका!" दोघी एकदम म्हणाल्या.

केतकीनं हात पुढे केला. मयेकरांनी हातोडी तिच्या तळव्यावर ठेवली. नऊ वर्षांत दांड्याला त्यांच्या बोटांचे खळगे पडले होते. मग त्यांनी धातुशाळेत बसून अहवाल लिहिला. नऊ पानं. खाली सही केली, आणि या वेळी तारीख आजची घातली.

केतकी त्यांना पोचवायला बाहेरच्या जिन्यापर्यंत आली. खाली खाडीचं पाणी चकाकत होतं. गोदीतली माणसं मान वर करून पाहत होती, कारण असल्या बातम्यांना जिना लागत नाही. मयेकर पहिल्या पायरीवर थांबले, उजव्या हातानं कठडा धरला आणि वळून जहाजाकडे पाहू लागले. बराच वेळ.

टक. टक. टक.

त्यांना कळतही नव्हतं. अंगठीचं बोट कठड्यावर आपटत होतं, संथ, एकसारखं. कठडाही सरकपोलादाचाच होता.

केतकीनं त्यांच्या हातावर आपला हात दाबून ठेवला.

"हात खिशात घाला काका," ती म्हणाली. "आणि मग उतरा."