अंग चोरून

"मेलं हे कोपर! रोज त्याच भिंतीला सोलवटतं," विहीणबाई चहाचा ट्रे आणता आणता पुटपुटल्या.

मी पॅसेजच्या दाराला लागून बसले होते, म्हणून ऐकू आलं. पडदे शिवून माझं पोट चालतं. कुठलीही रुंदी मी नजरेनं सांगते. तो पॅसेज चांगला ऐसपैस होता. दोन बायका हातांत पिशव्या घेऊन समोरासमोरून आरामात गेल्या असत्या. आणि यांचं कोपर भिंतीला लागतं?

पण माझं डोकं दुसऱ्याच गोष्टीनं तापलं होतं. माझ्या धाकट्या बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं तिच्या सासरी ठरलं होतं. डॉक्टर यायचे होते, आणि माहेरची म्हणून तिच्या नवऱ्याला, आमच्या जावयांना, माझी सही हवी होती.

धाकटीचा गुन्हा काय, तर ती म्हणते, पॅसेजच्या मध्यावर एक माणूस उभा असतो. येता-जाता ती त्याच्याशी दोन शब्द बोलते.

"लोक हसतात हो, ताई," जावई म्हणाले. हे जावई अंगठीतल्या खड्याला विचारल्याशिवाय नोकरी बदलत नाहीत. विहीणबाई रोज संध्याकाळी वारलेल्या नवऱ्याच्या फोटोला दिवसभराच्या कागाळ्या सांगतात. सुई मोडली की मी स्वतः शिलाई मशीनची माफी मागते. आम्ही सगळे शहाणे. वेडी काय ती धाकटी. तिचा माणूस फ्रेममध्ये बसवलेला नाही ना!

"गप्प बसायला काय घेशील गं?" मी तिच्यावरच खेकसले.

"मी गप्प बसले की तो कासावीस होतो, ताई," माझ्या बाहीला चिकटलेला दोरा काढत ती म्हणाली.

बेल वाजली. जावई दार उघडायला गेले. मी बघत होते. निम्म्या वाटेवर ते तिरके झाले, पोट आत ओढलं, पाठ भिंतीला घासत दोन पावलं गेले आणि पुन्हा सरळ चालू लागले. गर्दीच्या बसमध्ये कुणाला वाट द्यावी तसे. भिंतीचा रंग तेवढ्याच भागात, खांद्याच्या उंचीवर, घासून काळपट झाला होता.

मागून डॉक्टर आले. या घरात पहिल्यांदाच. त्याच जागी त्यांनी बॅग पोटाशी धरली, तिरके झाले आणि हलकेच म्हणाले, "सॉरी हं."

मी उठलेच. "कुणाला म्हणालात?"

"काय?"

"सॉरी. कुणाला?"

"मी कुठं काय म्हणालो?"

जावई स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. विहीणबाईंनी कोपर दुसऱ्या हातानं झाकलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तिथं कुणी नाही ना? मग चाला की मधून! का सगळे भिंतीला चिकटता? बघा, मी चालते."

निघाले. ताठ, मधोमध.

माझा खांदा आपोआप वळला.

पाठीला गार भिंत लागली. आणि समोर, अगदी तोंडासमोर, मला वाट द्यावी म्हणून कुणीतरी श्वास आत ओढून घेतला.

परत कशी आले ते आठवत नाही. डॉक्टरांनी कागद पुढं केला. मी तो चुरगळून फेकला.

"दुसरा आहे," डॉक्टर म्हणाले.

"द्या, मीच करतो सही," जावई म्हणाले.

धाकटी काही बोलली नाही. मघापासून बोललीच नव्हती. तिनं आपली बॅग उचलली.

पॅसेजमध्ये पाऊल वाजलं. मध्यावर नाही. अलीकडे, आमच्या दाराशी.

विहीणबाईंनी धाकटीची बॅग धरून ठेवली.

"नका रे नेऊ तिला," त्या म्हणाल्या. "ती बोलते म्हणून तो तिथं थांबतो. ती या घरात यायच्या आधी तो माझ्या उशाशी बसायचा."