न घासलेलं ताट

"मी कुणालाही काही सांगितलेलं नाही हो!" सिस्टर पुन्हा पुन्हा सांगत होत्या. बावीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईला उद्या कामावरून काढणार होते.

त्यांच्या टेबलावरच्या संगणकातून रुग्णांची माहिती बाहेर जाते, असा आरोप होता. नेटवर्कवर तिचे तुकडे सापडले होते.

खासगी तपास करणाऱ्या वहिनींनी तुकड्यांची यादी पुढे ओढली. त्यांचे दीर, म्हणजे भाऊजी, खांद्यावरून डोकावले. भाऊजी भला माणूस, पण डोकं जरा उशिरा पेटणारं.

"याला ना शेंडा ना बुडखा," ते म्हणाले. "चोर घाईत असणार."

"दर वेळी घाईत, आणि दर वेळी बरोबर अठरा बाइटांवर थांबतो?"

दोघं संगणक विभागात गेले. नेटवर्क कार्ड चालवणारा 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्राम लिहिणारा तरुण प्रोग्रामर तिथे होता. तुकडे त्यानेच पकडले होते.

"कुठल्या संदेशांत सापडले?" वहिनींनी विचारलं.

"'हा पत्ता कुणाचा?' एवढंच विचारणाऱ्या छोट्या संदेशांत. ते संगणक आपणहून पाठवतो. मोठ्या संदेशांत एकही नाही."

"केवढा असतो हा छोटा संदेश?"

"पुढे चौदा बाइटांचं शीर्षक, पाकिटावरच्या पत्त्यासारखं. मग अठ्ठावीसचा प्रश्न. पण साठच्या खाली तारेवर पाठवायचं नाही, असा नियम आहे. माझा नवा ड्रायव्हर तेवढी लांबी करून देतो," तो अभिमानाने म्हणाला. "सध्या फक्त सिस्टरांच्या संगणकावर चाचणी चालू आहे."

वहिनी तडक सिस्टरांसह सगळ्यांना घेऊन इस्पितळाच्या प्रमुखांच्या खोलीत शिरल्या.

"भाऊजी, चौदा नि अठ्ठावीस किती?"

"बेचाळीस."

"साठाला किती कमी?"

"अठरा... अरेच्चा!" भाऊजींनी आ वासला.

"ड्रायव्हरने लांबी साठ केली, पण ती अठरा बाइटांची जागा पुसलीच नाही. तिथे शून्यं भरायला हवी होती. आधीच्या संदेशाचा मधलाच भाग तिथे पडून होता, तो तसाच बाहेर गेला. ताट न घासता वाढलं, तर मागचं जेवण दिसणारच. चोर कुणीच नाही, साहेब. आणि तुम्ही निघाला होता संन्याशाला फाशी द्यायला."

प्रोग्रामरने घाईने लॅपटॉप उघडला, ड्रायव्हरचा कोड पाहिला आणि पांढराफटक पडला. "जागा पुसायची एक ओळ राहिली," तो पुटपुटला.

"मग उद्यापासून तुम्ही घरी बसा!" प्रमुख कडाडले.

"थांबा, साहेब," सिस्टर म्हणाल्या. "आठ दिवस माझं कुणी ऐकून घेतलं नाही. त्याचं तरी ऐकून घ्या."

प्रोग्रामरचे डोळे भरून आले. "सिस्टर, मला माफ..."

"ते नंतर. आधी ती ओळ लिही, बाळा. माझ्या पेशंटांची नावं अजून बाहेर जाताहेत."