लिफ्टजवळची क्रोटनं

नागपुरातल्या त्या उंच ऑफिस-इमारतीत झाडांना पाणी घालायचं काम एक यंत्रमानव करायचा. सगळे त्याला पाणक्या म्हणत. सुट्टीत अन्वयी आत्याबरोबर तिथे गेली, तेव्हा पाणक्या लिफ्टजवळच्या कुंड्यांपाशी गोंधळून उभा होता. खिडकीजवळची क्रोटनं लाल-पिवळ्या रंगांनी झगमगत होती आणि इथली, त्याच जातीची, त्याच मातीतली क्रोटनं पानं गाळत होती. पाणी तर सगळ्यांना सारखंच मिळत होतं.

इमारतीचे व्यवस्थापक ढोबळेसाहेब वैतागले होते. ही झाडं काढून प्लास्टिकची ठेवायची, असं त्यांनी सांगूनच टाकलं. अन्वयीला फार वाईट वाटलं. तिची आत्या सुलभा वनस्पतिशास्त्रज्ञ होती. तिने साहेबांकडून थोडी मुदत मागून घेतली.

अन्वयीला आधी एसीचा संशय आला. पाणक्याने दोन्हीकडचं तापमान मोजलं, पण फरक नव्हता. मग उजेड? पण लिफ्टपाशीही ती आरामात गोष्टीचं पुस्तक वाचू शकत होती. तरी आत्याने पाणक्याला उजेड मोजायला लावला.

"खिडकीपाशी शंभर भाग उजेड धरला, तर इथे जेमतेम चार," पाणक्या म्हणाला.

अन्वयीचा विश्वास बसेना. आत्याने तिच्या हातात आरसा दिला. खिडकीत तिच्या डोळ्याची बाहुली (बुबुळाच्या मधलं काळं छिद्र) मोहरीएवढी दिसली, लिफ्टपाशी मिरीएवढी.

"उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, डोळाही सरावतो. म्हणून आपल्याला काही जाणवत नाही," आत्या म्हणाली. "पानांना अशी सोय नसते."

पानं उजेडाच्या जोरावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनवतात, हे प्रकाशसंश्लेषण (उजेडात अन्न तयार करणं) अन्वयी शाळेत शिकली होती. उजेड नाही, तर जेवण नाही. पण मग उपाशी झाड पाणी तरी किती पिणार? तिने कुंडीत बोट खुपसलं. आत नुसता चिखल होता, कुबट वासाचा. आत्या खूश झाली. न प्यायलेलं पाणी मातीतल्या बारीक पोकळ्यांत साचतं, तिथली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात, असं तिने सांगितलं.

"म्हणजे मी त्यांना बुडवत होतो," पाणक्या हळूच म्हणाला.

"तुला कुणी माती तपासायला सांगितलंच नव्हतं," अन्वयी म्हणाली.

तिघांनी मिळून क्रोटनं पडदा लावलेल्या खिडकीशी नेली, म्हणजे एकदम ऊन लागून पानं करपायला नकोत. लिफ्टपाशी कमी उजेडात तग धरणारे मनीप्लांट आले, वर एक दिवाही लागला. पाणक्या आता मातीचा ओलावा बघूनच पाणी घालू लागला. दोन क्रोटनं वाचली नाहीत. बाकीच्यांना मात्र तांबूस कोंब फुटले.

ते बघायला ढोबळेसाहेब स्वतः आले. जाताना जरा संकोचून त्यांनी आपल्या केबिनसाठी एक क्रोटन मागितलं. पाणक्या लगेच कुंडी उचलायला वाकला.

"थांब," अन्वयी म्हणाली. "आधी तिथला उजेड मोजू या."

पुढच्या वर्षी आत्याला भुयारी स्टेशनात बाग फुलवायची होती. त्या कामाला अन्वयीला न्यायचं, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.