तळ्यावरची नवी देवी

"काल इथे दगड होता. आज देवी कुठून आली?" ओबुलम्मानं कमरेवर हात ठेवून विचारलं.

तळ्याच्या मोरीजवळचा अक्षरांचा दगड हळदीनं जाडजूड लिंपलेला होता. वर कुंकवाचे टिळे! शाळेला अमावास्येची सुट्टी म्हणून पोहायला आलेले कोंडय्या आणि तिप्पन्ना पाण्यातून धावतच वर आले.

"पाटलाचं काम!" कोंडय्या म्हणाला. "आज मोजणीसाहेबाचे पंडित, ते पंतुलु, गावाचा इतिहास लिहून घेणार आहेत ना? पाटील सांगणार, तळं आमच्या आजोबांनी बांधलं. खरं सांगणारी अक्षरं झाकली, आता पुरावा कुठाय?"

तळं खणलं होतं ओबुलम्माच्या खापरपणजोबांनी, मारन्ना वड्डरानं. त्याबद्दल मिळालेल्या बांधाखालच्या शेतावरच तिचं घर जगत होतं, आणि पाटलाचा डोळाही त्यावरच होता. साहेबाच्या कागदावर खोटं चढलं, की शेत गेलंच!

"खरवडून काढू!" तिप्पन्ना म्हणाला.

"देवीला खरवडतोस? गाव सोलून काढेल तुला, शहाण्या!" ओबुलम्मा म्हणाली.

तेवढ्यात माणसं आलीच. पुढे पाटील गंगिरेड्डी, मागे पंतुलु आणि अर्धा गाव. पंतुलुंनी चिंचेखाली बैठक मारून बोरू शाईत बुडवला.

"लिहा," पाटील म्हणाला, "हे तळं आमच्या आजोबांनी..."

बोरू कागदावर कुरकुरू लागला. ओबुलम्मानं पाण्यासाठी आणलेली घागर भरली. "अगंबाई! देवीला अजून अंघोळच घातली नाही कुणी!"

"ए पोरी, थांब!" पाटील गरजला.

"का, रेड्डीगारू?" कोंडय्यानं भाबडा चेहरा केला. "देवीला पारोसंच ठेवायचं?"

गावादेखत पाटील देवीच्या अंघोळीला नाही कसं म्हणणार? बायकांनीही पदर खोचले. घागरीमागून घागर रिती झाली, हळद ओघळली आणि अक्षरं उघडी पडली!

पंतुलु ताडकन उठले. मोठ्यानं वाचू लागले, "हे तळं वड्डर मारन्नानं खणलं. बांधाखालचं शेत त्याच्या वंशाला, चंद्रसूर्य असेपर्यंत."

त्यांनी लिहिलेली ओळ खोडली. "आमचे साहेब आठ दिवस दुर्बिणीतून बघताहेत, पण नजर तुमची, पोरांनो! शाबास!"

पाटलानं केव्हाच काढता पाय घेतला होता.

ओबुलम्माचे आजोबा गर्दीतून पुढे आले. त्यांना वाचता येत नव्हतं. "यात मारन्नाचं नाव कुठलं रे, बाळा?"

कोंडय्यानं त्यांचं बोट धरून ओल्या अक्षरांवर ठेवलं. आजोबा ते उचलेचनात.