तेवीस नंबरची हजेरी

उद्या तुमचा मेळावा हाय म्हणता ना, माजी विद्यार्थ्यांचा? जा. जेवा, फोटो काढा, जुन्या मैत्रिणींचे नवरे पाहून घ्या. पण तिथं कोणी गंमत म्हणून हजेरी घ्यायची गोष्ट काढली, त् तेवढं टाळजा. काऊन, ते सांगतो. मयुरी, तो फोन उलटा ठेव आधी. लाइट गेली त् गेली, फोनच्या उजेडात तुमचीच तोंडं भुतासारखी दिसून राह्यली.

ही ऐकीव गोष्ट नाई. आपल्या शेजारच्या प्रफुल्लची हाय. कृषी केंद्राचं दुकान हाय ना त्याचं, तोच. त्यानं मले स्वतः सांगतली, अन् शेवटचं जे हाय ते मी ह्या डोळ्यांनी पाह्यलं. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं मी. पोरांले भेवाडायची मले हौस नाई.

प्रफुल्ल अन् सिंदी रेल्वे गावचा अश्वजित, दोघं विद्यापीठात एका वर्गात. प्रफुल्ल होस्टेलले राहे, अश्वजित सिंदीवरून रोज गाडीनं नागपूरले ये. गाडी रोज लेट. पहिला तास प्रभाकरराव सरांचा, अन् ते हजेरीच्या बाबतीत मोठे कडक. तेवीस नंबर आला का प्रफुल्ल मागून ओरडे, "येऊन राह्यला सर, रस्त्यात हाय." सरांचा कायदा असा, का रस्त्यातला पोरगा वर्गातच धरायचा, पण तास संपायच्या आत तो दारात दिसला पाह्यजे. अन् अश्वजित दिसेच. घामाघूम होऊन, पळत. दोन वर्षांत प्रफुल्लले त्यानं एकदाही खोटं पाडलं नाई. अशी दोस्ती होती बावा.

मंग पास होऊन सगळे पांगले. पण आपल्या जिल्ह्यातले जेवढे होते ते डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी जमत. तळेगावले वर्गातल्याच अंकुशचा संत्र्याचा बगीचा हाय, तिथं. एकानं आपल्या कामाबद्दल बोलायचं, मंग सरांनी जुन्या नंबरांनी हजेरी घ्यायची, अन् मंग वरण-बट्टी अन् वांग्याची भाजी. सर रिटायर होऊन इथंच कारंजाले पोरीजवळ राह्यले आले होते. हजेरीच्या वेळी मोठे मोठे साहेब लोक "यस सर" म्हणत उभे होत. मजा ये.

दोन हजार बावीस साली बोलायची पाळी अश्वजितची होती. तो माती तपासणीच्या हापिसात होता, खारवट जमिनीवर बोलणार होता. अख्खं भाषण त्यानं प्रफुल्लले फोनवर वाचून दाखवलं होतं. सुट्टी असून हापिसातलं अडलेलं काम आटपून मोटरसायकलनं निघाला. इकडं हजेरी सुरू झाली. तेवीस. प्रफुल्ल सवयीनं ओरडला, "येऊन राह्यला सर, रस्त्यात हाय." सगळे हासले. सरांनी हजेरी लावली. जेवणं झाली. रस्त्यात हाय म्हटल्यावर कोणी फोनसुद्धा केला नाई त्याले. उशिरा येणारा माणूस, येईन म्हणे.

सकाळी सापडला. बगीच्याच्या वळणाच्या अलीकडं, पुलाखाली. कोणती गाडी उडवून गेली ते अजून माहीत नाई. डॉक्टर म्हणे, लागल्यावर बराच वेळ जित्ता असन.

प्रफुल्लनं तेच मनाले लावून घेतलं. सिंदीले पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले गेला, त् मोनालीच्या, म्हणजे अश्वजितच्या बायकोच्या समोर उभं राह्यवे ना त्याले. मले म्हणे, काका, मी गैरहजर म्हटलं असतं त् कोणीतरी पाहायले गेलं असतं. मी समजावलं. पण असं समजावल्यानं काही जात नाई. वर्षभर दुकानात बसून राहे, गिऱ्हाईक दोनदा हाक मारे तेव्हा याचं ध्यान ये.

आता पुढचं वर्ष. दोन हजार तेवीस, नऊ डिसेंबर, शनिवार. अवस तीन दिवसांवर होती. थंडी अशी का तुरीच्या शेंगासुद्धा ओल्या लागत. त्या वर्षात सरांचं डोकं विसरायले लागलं होतं. सकाळी जेवलेलं दुपारी आठवे ना. प्रफुल्लकडं काम एवढंच, सरांले गाडीत घालून तळेगावले न्यायचं अन् परत आणून सोडायचं. निघताना त्यांची पोरगी पौर्णिमा फाटकापाशी आली अन् हळूच म्हणे, "भाऊ, अश्वजितदादाचं बाबांले सांगजो नको. सांगतलं का दरवेळी नवीनच ऐकल्यासारखे रडतात. मंग विसरतात, मंग पुन्हा विचारतात."

प्रफुल्ल हाव म्हणाला.

त्या वर्षी हजेरी घ्यायचीच नाई, असं सगळ्यांनी आपसात ठरवलं होतं. पण सरांले कोण सांगन? खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सुरू केली. बाकी सारं विसरले, पण नंबर पाठ होते. एकवीस. यस सर. बावीस. यस सर.

"तेवीस."

कोणी पायाखालची माती पाहे, कोणी फोन.

"तेवीस. अश्वजित कुठं आहे?"

सर बाकी कोणाकडं पाहत नव्हते. प्रफुल्लकडंच पाहून राह्यले होते. या नंबरले उत्तर कोण देते, ते त्यांले बराबर आठवत होतं. अन् प्रफुल्लले पौर्णिमाचं बोलणं आठवलं. म्हातारा माणूस इतक्या लोकात रडन. काय करावं त्यानं? म्हणाला,

"येऊन राह्यला सर. रस्त्यात हाय."

दयेपोटी बोलला बिचारा. पण बोलला.

"बरं," सर म्हणे. "मग थांबू." अन् खुर्ची फिरवून फाटकाकडं तोंड करून बसले.

अंकुशनं कोणाले तरी संत्र्यावरच्या काळ्या माशीच्या किडीवर बोलायले उभं केलं. कोणी ऐकत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. फाटकापाशी बांधलेलं अंकुशचं कुत्रं दोर ताणून बाजेखाली घुसलं. भुंकलं नाई. घुसलं, अन् पोट जमिनीले लावून पडून राह्यलं.

सरांनी मान वर केली. हासले.

"आला," म्हणे. "बस मागं. उशीर रोजचाच."

सगळ्यांनी मागं पाह्यलं. मागं खुर्च्या होत्या. खाली.

लोकांनी दोन-दोन घास खाल्ले अन् गाड्या काढल्या. कोणी कोणाले थांब म्हटलं नाई. प्रफुल्लनं सरांले हात धरून गाडीत पुढं बसवलं. त् सर म्हणे, "मागचं दार उघड ना. त्याला काय चालत पाठवतोस?"

विसराळू माणसाशी वाद घालून फायदा नसते. उघडलं त्यानं. थोडा थांबला. लावलं. मले म्हणाला, काका, नेहमीच्यापेक्षा गाडी मागून दबल्यासारखी वाटली. मी म्हटलं, भेव वाटलं का असं वाटते. तो म्हणे, असन.

निघाले. बगीच्यापासून हायवेपर्यंत कच्चा रस्ता हाय. दोन्हीकडं संत्र्याची झाडं, मधात हेडलाइटचा उजेड. सर अर्धे मागं वळून बसले होते.

"बोल," म्हणे.

मंग ऐकत राह्यले.

"हं... हं. आणि पाणी विहिरीचं असलं तर?"

मान डोलावत ऐकलं.

"बरोबर. जिप्सम आधी, मग हिरवळीचं खत... पुढं?"

प्रफुल्लनं ओळखलं. हे अश्वजितचं भाषण होतं. मागच्या वर्षीचं. फोनवर ऐकलेलं. ह्याच क्रमानं. सरांले ते कोणी सांगतलं नव्हतं. प्रफुल्लशिवाय ते कोणी ऐकलंच नव्हतं.

आरसा समोर होता. त्यानं पाह्यला नाई. हात वर करून उलटा फिरवून देल्ला.

हायवे लागला. एक ट्रक गेला. मंग काहीच नाई. पूल जवळ आला.

"थांबव," सर म्हणे.

"सर, घरी पौर्णिमाताई वाट..."

"तो म्हणतो, थांबव."

थांबवली. इंजिन चालू ठेवलं. सर ऐकून राह्यले होते. तोंडावरचं हासू गेलं होतं.

"अरे, तो विचारतो..."

"काय सर?"

"विचारतो, अजून किती वेळ रस्त्यात राहू?"

...

"तुलाच विचारतो. हजेरी तू लावलीस म्हणतो. तूच सांग."

मागं कोणी श्वास घेतला असता त् ऐकू आला असता. नाई आला. पण काच... मागची काच आतून धुरकट होऊन राह्यली होती. तेवढी एकच.

मंग तो रडला. मले सांगतानाही रडला. म्हणाला, "सर, मी खोटं बोललो. तेवीस नंबर गैरहजर हाय. गेला तो. मागच्या वर्षी. इथंच."

सरांचे ओठ हालत होते. मंग ते सरळ बसले. अन् वर्गात घेत तशा, भरल्या आवाजात म्हणाले,

"तेवीस. गैरहजर."

...

मागून काही नाई.

प्रफुल्ल उतरला. गाडीले वळसा घालून मागं गेला अन् दार पुरं उघडून धरलं. पाव्हण्याले धरतो तसं. आत पाह्यलं नाई. पुलाकडं पाहत उभा राह्यला. म्हणाला, "जाय गड्या. आता कोणी वाट पाहून नाई राह्यलं. मोनालीचं मी पाहतो. जाय."

वारा नव्हता. तरी बांधावरची तूर हालली. एकाच जागची. मंग थोडी पुढं. मंग त्याच्या पुढं.

मंग थांबली.

त्यानं दार लावलं. सर रडत होते. "मला कोणी सांगितलं का नाही?" एवढंच घरापर्यंत विचारत राह्यले. पौर्णिमानं त्यांले झोपवलं. सकाळी उठले त् काही आठवत नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांनी अश्वजितचं नाव एकदाही काढलं नाई. पुढच्या हजेरीत बावीसनंतर चोवीस म्हणाले. सवयीनं म्हणाल्यासारखे.

प्रफुल्ल त्या रात्री चांगला झोपला. वर्षभरानं पहिल्यांदा. सकाळी गाडी धुवायले बाहेर आला, अन् मी इथं ओट्यावर चहा पीत होतो. त्यानं मागचं दार उघडलं. मंग तसाच उभा राह्यला. पाण्याची नळी अंगणात वाहून राह्यली, त्याचं ध्यान नाई.

"काका," म्हणे, "जरा येता?"

गेलो.

"काल इथं कोणी बसलं नाई ना हो? तुम्हीच सांगा. सर पुढं होते."

मी म्हटलं, हाव बावा, पुढंच होते. मंग मी वाकून आत पाह्यलं.

मागचा सीटबेल्ट लावलेला होता. आपल्याकडं मागं बसणारा कोण लावते बेल्ट? त्याचं बक्कल गाडी घेतल्यापासून सीटकव्हरच्या खाली दबलेलं होतं. ते वर काढून, पक्कं लावलेलं. उतरणारा माणूस त् बेल्ट सोडून उतरते. पण ते सोडा पोट्टेहो. लावलेला बेल्ट खाली सीटले चिकटून राह्यते ना? हा नव्हता. पुढं फुगलेला होता. मोठ्या माणसाच्या छातीएवढा. मी बोटानं दाबून पाह्यला...

दबला नाई.