आडे सरांची लख्ख बशी

नागपूरच्या विद्यापीठात रसायनशास्त्राची पोरं म्हणत, देव एकवेळ चुकेल, पण आडे सरांचं वजन चुकणार नाही. घाटंजीजवळच्या तांड्यातला पहिला मॅट्रिक ते प्रोफेसर, एवढी वाट अमरसिंग आडे तराजूच्या काट्यावर डोळा ठेवूनच चालला होता.

पण पोहणाराच बुडतो म्हणतात, ते खोटं नाही. १९६३च्या उन्हाळ्यात तांड्यानं काळा पाषाण फोडून नवी विहीर खणली. आई धुरपताबाईनं पाण्याची मोठी बाटली पाठवली. तुझा होकार आल्याशिवाय कोणी पिणार नाही, असा निरोप. अमरसिंगनं थोडं पाणी चिनी मातीच्या बशीत आटवलं. तळाशी क्षाराचा कणही उरला नाही. इतकी लख्ख बशी कशाला जोखायची? 'पाणी निर्मळ आहे, खुशाल प्या,' असं कार्ड त्यानं टाकलं.

दोन महिन्यांनी उरलेलं पाणी त्यानं वर्गासमोर आटवलं आणि बशी आधी आणि नंतर रीतसर जोखली. ती आधीपेक्षा बारा मिलिग्रॅम हलकी भरली. काटा पुसला, बशी बदलली. पुन्हा हलकी. नळाचं पाणी आटवून पाहिलं, तर सगळं ठीक. पाण्यात काय आहे हे शोधायला तो आयुष्यभर शिकवत आला होता. पाणी काय घेऊन जातं, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. सातवी बशीही हलकीच भरली, तसा तो थेट मोटार स्टँडकडे निघाला. आपल्या शब्दावर अख्खा तांडा हे पितोय, आणि त्यात आई.

यवतमाळच्या मोटारीत त्याला एका जागी बसवेना. दुपारी तो तांड्यात पोचला. वर्षभर काठीशिवाय न उठलेली आई दारात ताठ उभी होती.

"तुह्या चिठ्ठीवर पेलो रे बापू," ती हसली. "गुडघे दुखतच नाही आता."

"याडी, ते पाणी सोड. आत्ताच नागपूरले चल."

"काहून? काय निंगालं त्याच्यात?"

"काहीच नाही निंगालं," तो म्हणाला. ते खरंही होतं. त्याची त्यालाच भीती वाटली.

शेजारच्या उकंड्यानं बैलगाडी जुंपली. आईला वर चढवायला अमरसिंगनं कंबर कसून जोर लावला.

जोर वायाच गेला.

हातात वजन काही आलंच नाही, असं त्याला वाटलं. तो तोल जाऊन मागं सरला. उकंड्यानं सवयीनं तिचं मनगट पकडलं, तिला गाडीत खाली ओढून बसवलं आणि तुरीचं पोतं तिच्या मांडीवर आडवं ठेवलं.

"हे कायले?" अमरसिंगनं पोत्याला हात लावत विचारलं.

"माळावर वारा राह्यते, सर," उकंडा हळूच म्हणाला. "मांगच्या हप्त्यात जमनी बुढीले मोकळंच बसवलतं. अजून धुंडूनच राह्यलो आम्ही तिले."