चहात अडकलेलं लोह

सतरा आठे किती? गेल्या वर्षी हिमानी घोलप हे झोपेतही सांगत असे. यंदा मात्र ती फळ्यापुढे नुसतीच उभी राहिली.

चंद्रावरच्या चांद्रशाळेत दहा दिवस राहायला जुन्नर तालुक्यातून एकच मूल जाणार होतं, आणि निवड होती तोंडी गणितावर. सरांनी हिमानीचं नाव यादीत पेन्सिलने लिहिलं, म्हणजे खोडायची तयारी ठेवूनच. आई म्हणायची, पोरगी आळशी झाली. हिमानीलाही तसंच वाटायला लागलं होतं आणि त्याचंच तिला रडू यायचं.

शाळेचा आरोग्य-यंत्रमानव ठकसेन भारी शिष्ट होता. त्याने तिच्या नखावर प्रकाश टाकून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन (फुप्फुसांतला प्राणवायू शरीरभर पोचवणारा रक्तातला लाल पदार्थ) भरलं साडेआठ. हवं होतं बारा.

"तू आळशी नाहीस," ठकसेन म्हणाला. "तुझा मेंदू उपाशी आहे."

मग त्याने समजावलं. मेंदू वजनाने शरीराचा जेमतेम पन्नासावा भाग, पण प्राणवायू खातो पाचवा हिस्सा. हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना ज्या रसायनांतून निरोप धाडतात, ती बनायलाही लोह लागतं. ते कमी पडलं की रक्तक्षय (अ‍ॅनिमिया) होतो, लक्ष लागत नाही, पाठ केलेलं आठवत नाही.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. दीड महिन्याने पुन्हा तपासलं, तर साडेआठच! ठकसेनच्या नोंदीत तर रोज 'गोळी घेतली' असं होतं. त्याचा शिष्टपणा पार उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळीच तो घोलपांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसला. हिमानीने गोळी तोंडात टाकली आणि चव जावी म्हणून वर कपभर चहा प्यायली. आईनेच तशी सवय लावली होती.

"सापडलं," ठकसेन म्हणाला. "गोळी घेतलीस का, एवढंच मी विचारत राहिलो. कशाबरोबर, ते विचारलंच नाही. चूक माझी."

चहातली टॅनिनं (तुरट द्रव्यं) लोहाला पोटातच धरून ठेवतात, रक्तापर्यंत जाऊच देत नाहीत. लिंबातलं क जीवनसत्त्व उलट लोहाला वाट करून देतं. आईने तिथल्या तिथे लिंबू चिरलं. चहा दोन तास लांब गेला. "तुला उगाच बोलले गं," आई हळूच म्हणाली.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन बारावर गेलं. निवडीच्या दिवशी परीक्षकांनी सत्तावीस गुणिले एकोणीस विचारलं, आणि त्यांनी पाण्याचा पेला उचलायच्या आत हिमानी म्हणाली, "पाचशे तेरा." सरांनी पेन्सिलीवरून शाईचं पेन फिरवलं. सगळी शाळा नाचली.

निघण्याआधी हिमानीने ठकसेनला मागच्या बाकांवर डुलक्या घेणाऱ्यांकडे नेलं. त्यांनाही सगळे आळशीच म्हणत. तपासलं, तर अकराजणांचं रक्त कमी निघालं. त्यांच्याही गोळ्या सुरू झाल्या, लिंबाबरोबर आणि चहाशिवाय.

ती चंद्रावरून परतली तेव्हा त्यातले सातजण पुढच्या वर्षीच्या यादीत नाव घालायला उभे होते. सरांच्या हातात पेन होतं.